आधी वर्ग की आधी गाळा?

इंजिनिअरिंग करून दोन-तीन वर्षे नोकरी झालेल्या पंचविशीतल्या मुलामुलींच्या घरी दर हिवाळ्यात एक चर्चा हमखास होते. नोव्हेंबरच्या अखेरीस कॅटची परीक्षा असते, काही आठवड्यांत निकाल लागतो, पुढे महाराष्ट्राची एमबीए सीईटी येते. आणि त्याच सुमारास डोक्यात धंद्याची एखादी कल्पनाही घर करून बसलेली असते. घरचे म्हणतात, आधी एमबीए कर, मग धंद्याचे बघू. मित्र म्हणतात, धंदा वर्गात बसून कुणी शिकलेले नाही, दोन वर्षे आणि पंचवीस लाख कशाला घालवतोस? ज्या समाजाने ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ अशी म्हण केली आणि पुढे दोन-तीन पिढ्या नेमक्या उलट्या क्रमाने जगून काढल्या, त्या समाजात हा वाद जिव्हाळ्याचा होणारच. पण या वादातले दोन्ही पक्ष शिक्षण आणि धंदा यांना समोरासमोर उभे करतात, आणि चूक तिथेच होते. गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर जे चांगले संशोधन झाले आहे, ते एकत्र ठेवून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. व्यवस्थापनाचे ज्ञान धंद्याला लागते, चांगलेच लागते. मात्र ज्याने धंदा आतून पाहिला आहे त्याच्याच अंगी ते लागते. म्हणून हा प्रश्न निवडीचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे, आणि हा क्रम बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शैक्षणिक कर्जाचा हप्ता, असे माझे म्हणणे आहे.

एमबीए ही गोष्ट मुळात कशासाठी जन्माला आली, ते आधी पाहायला हवे. अमेरिकेत व्हार्टन 1881 साली आणि हार्वर्डचे बिझनेस स्कूल 1908 साली सुरू झाले, तेव्हा रेल्वे, पोलाद आणि बँका यांचा पसारा मालकाच्या एकट्याच्या नजरेत मावेनासा झाला होता. त्या पसाऱ्याला हिशेब, उत्पादन, विक्री सांभाळणारी पगारी माणसे हवी होती. आपल्याकडेही तसेच झाले. 1961 साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे पहिल्या दोन आयआयएम निघाल्या. कोलकात्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलचे साहाय्य होते, अहमदाबादला हार्वर्डचे. 1965 साली मुंबईत स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था उभी राहिली. नियोजनाचा तो काळ होता. सार्वजनिक क्षेत्रातल्या आणि मोठ्या खासगी कारखान्यांना प्रशिक्षित व्यवस्थापक हवे होते, आणि ते या संस्थांनी दिले. त्यामुळे एमबीए उद्योजक घडवत नाही ही तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते काम तिच्याकडे कधी दिलेच नव्हते. मोठ्या संस्थेची पदवी तीन गोष्टी देते. एक, कॅटला बसणाऱ्या सुमारे तीन लाखांतून आपण निवडले गेलो याचा शिक्का. दोन, पुढे मोठ्या पदांवर जाणाऱ्या सहाध्यायांची ओळख. तीन, प्लेसमेंट. शिकवणुकीचा वाटा यात किती, हा प्रश्न जेफ्री फेफर आणि क्रिस्टिना फाँग या स्टॅनफर्डच्याच अभ्यासकांनी 2002 साली विचारला होता. वर्गात मिळवलेल्या गुणांचा आणि पुढच्या कारकिर्दीतल्या यशाचा संबंध दाखवणारा पुरावा फार तोकडा आहे, असे त्यांना आढळले. बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांनीच हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी आज 25 लाखांच्या घरात आहे. गरजू विद्यार्थ्यांना तिथे शिष्यवृत्त्या आहेत हे खरे, पण मध्यमवर्गीय घरातला मुलगा बहुधा कर्जच काढतो. 25 लाखांचे कर्ज 10 टक्क्यांनी 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे 33 हजार बसतो, आणि एकूण परतफेड चाळीस लाखांच्या आसपास जाते. शिकत असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. शिवाय वर्षाला सहा लाखांची नोकरी सोडून गेला असेल, तर दोन वर्षांचे बारा लाख बुडाले तेही खर्चातच धरायला हवेत. ज्याला बँकेत, सल्लागार कंपनीत किंवा बहुराष्ट्रीय कंपनीच्या मार्केटिंगमध्ये जायचे आहे, त्याला हा व्यवहार परवडतो, कारण पगार तेवढा चढा मिळतो. पण ज्याला पुढे धंदा करायचा आहे त्याच्या बाबतीत हा हप्ताच निर्णय घेऊन टाकतो. नव्या धंद्यात पहिले वर्षभर मालकाला पगार नसतो, कधी दोन वर्षे नसतो. ज्याच्या खात्यातून दर महिन्याला 33 हजार जायचे आहेत, त्याला असे एक वर्ष काढता येत नाही. तो नोकरी धरतो, हप्ता फिटेपर्यंत पस्तिशी येते, तोवर घराचे कर्ज आणि मुलांची शाळा सुरू झालेली असते. त्याचे धाडस कमी पडले असे म्हणणे अन्याय होईल. त्याने पंचविसाव्या वर्षी ज्या कागदावर सही केली, त्या कागदातच पुढची दहा वर्षे लिहिलेली होती.

बँकांच्या वागण्यातूनही हेच कळते. नामांकित संस्थेत प्रवेश मिळालेल्या मुलाला वीस-पंचवीस लाख तारणाशिवाय मिळतात. तोच मुलगा यंत्रासाठी तेवढी रक्कम मागायला गेला तर त्याला वडिलांच्या घराचे कागद विचारले जातात. तारणाशिवाय उद्योगकर्ज मिळावे म्हणून 2000 सालापासून सरकारचा पतहमी निधी आहे. 2015 साली मुद्रा योजना आली, तिची मर्यादा 10 लाखांची होती; 2024 पासून आधीचे ‘तरुण’ गटातले कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ती 20 लाखांवर नेली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात अनुदानही आहे. तरीही नव्या धंद्याला कर्ज देताना शाखेतला अधिकारी हात आखडता घेतो आणि आयआयएमच्या प्रवेशपत्रावर मात्र निर्धास्त सही करतो, कारण दुसऱ्या कर्जामागे त्याला पगार दिसतो. कुठल्या वाटेला जास्त जोखीम आहे हे बँक बरोबर ओळखते, त्यात तिची चूक नाही. पण ते कर्ज पगाराच्या भरवशावर दिलेले आहे, हे घेणाऱ्यानेही ओळखायला हवे.

हे झाले पहिल्या वीस-पंचवीस संस्थांचे. महाराष्ट्रातली बहुसंख्य मुले जिथे एमबीए करतात ती महाविद्यालये वेगळी आहेत, आणि त्यांच्याविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. तिथे फी कमी असते, पण निवडीचा शिक्का नसतो, सहाध्यायी आपल्याइतकेच अननुभवी असतात, आणि प्लेसमेंटमध्ये मिळणारी विक्रीची किंवा कर्जवसुलीची नोकरी पदवीधरालाही मिळाली असती. केवळ ‘रिकामा बसण्यापेक्षा बरे’ म्हणून, किंवा लग्नाच्या बायोडेटात दिसावे म्हणून तिथे दोन वर्षे घालवणे हा या सगळ्या पर्यायांतला सर्वांत महाग पर्याय आहे, कारण तिथे विशीतली दोन वर्षे जातात आणि बदल्यात हाती फारसे काही पडत नाही.

मग थेट धंद्यात उडी घ्यावी का? त्याआधी धंदा आतून कसा असतो ते एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, भोसरीत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एकाने भाड्याने गाळा घेतला, दोन यंत्रे बसवली आणि एका मोठ्या कंपनीचे सुटे भाग करून द्यायचे काम मिळवले. महिन्याला 10 लाखांचा माल जातो. कच्चा माल 6 लाखांचा, तोही रोखीने, कारण नव्या माणसाला पोलादवाला उधारी देत नाही. पगार, वीज, भाडे, हत्यारे मिळून अडीच लाख. म्हणजे महिन्याला दीड लाख नफा. कागदावर धंदा उत्तम चालला आहे. पण कंपनी पैसे देते 90 दिवसांनी. बिल निघाले की त्यावरचा 18 टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून पैसे आलेले असोत वा नसोत. कच्च्या मालावर दिलेला कर त्यातून वजा होतो, पण तोही आधी पोलादवाल्याला दिलेलाच असतो. तीन महिन्यांचा हिशेब केला तर पहिला रुपया हातात यायच्या आत सुमारे 30 लाख रुपये बाहेर गेलेले असतात. त्या तीन महिन्यांत कागदावरचा नफा साडेचार लाख दिसतो आणि बँकेतले खाते मात्र तळाला गेलेले असते. अशा वेळी कंपनीच्या परचेस खात्याचा फोन येतो की काम आवडले, पुढच्या महिन्यापासून दुप्पट माल द्या. नवखा माणूस पेढे वाटतो. जाणता माणूस आधी विचारतो, आणखी 30 लाख आणायचे कुठून? कित्येक गाळे काम नाही म्हणून बंद पडत नाहीत, काम वाढले आणि खेळते भांडवल पुरले नाही म्हणून बंद पडतात.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असे 2006 चा कायदा सांगतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही सांगतो. पैसे थकवणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येऊ नये अशी तरतूदही अलीकडे झाली. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर मिळणार नाही, हे गाळेवाल्याला ठाऊक असते, म्हणून तो कायदा कपाटातच राहतो. इथेच शिक्षणाच्या बाजूने बोलायला हवे. ‘खेळते भांडवल’ हे एमबीएच्या पहिल्या वर्षातले प्रकरण आहे, आणि ज्याने ते मन लावून वाचले आहे तो दुप्पट ऑर्डर घेण्याआधी निदान कागद-पेन्सिल घेऊन बसेल. उधारीचे दिवस, मालाचा साठा आणि देणी यांची सांगड घालणारी ती आकडेमोड तासाभरात शिकता येते. जी तासाभरात शिकता येत नाही ती बाब वेगळी: कुठल्या कंपनीत बिल कुणाच्या टेबलावर अडते, गुणवत्ता तपासणीवाला माल का नापास करतो, कुणाशी 45 दिवसांवर ठाम राहता येते आणि कुणाशी नाही. हे फक्त त्या धंद्यात राबूनच कळते.

‘धंदा वर्गात शिकता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांना मुंबईजवळच मोठे उत्तर मिळालेले आहे. 2008 च्या सुमारास स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूर आणि सीमेपलीकडच्या उंबरगाव इथल्या कापड गिरण्यांत गेले. या कंपन्या काही लहान नव्हत्या, सरासरी पावणेतीनशेच्या आसपास कामगारांच्या होत्या. तरीही गोदामात सूत लेबलाशिवाय पडलेले असे, मागाशेजारी कचरा साठलेला असे, हत्यारांना ठरलेली जागा नसे, आणि कापडात दोष कुठे, किती आणि का निघतात याची नोंदच कुणी ठेवत नसे. दोष निघाला की तो दुरुस्त करायला वेगळी माणसे ठेवलेली असत, आणि हे असेच चालते असे सगळे धरून चालत. काही गिरण्यांना पाच महिने व्यावसायिक सल्लागार फुकट देण्यात आले, बाकीच्यांची केवळ तपासणी झाली. सल्लागारांनी शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या: दोषांची रोज नोंद करा, साठ्याची यादी ठेवा, यंत्राची देखभाल वेळापत्रकाने करा, रोज सकाळी बसून आदल्या दिवसाचे आकडे पाहा. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. मालकांनी हे आधी का केले नव्हते? आळस किंवा पैशाची चणचण हे त्याचे मुख्य कारण नव्हते. काही पद्धती त्यांना माहीतच नव्हत्या, आणि माहीत होत्या त्यांनी आपल्याला फायदा होईल असे त्यांना वाटत नव्हते. आपल्या धंद्यात वर्षानुवर्षे मुरलेल्या घराण्यांची ही गोष्ट आहे. अनुभव एकटा पुरत नाही, हे यापेक्षा ठळकपणे दाखवणारा पुरावा क्वचितच सापडेल.

पण त्या अभ्यासातला शिकवण्याचा प्रकारही पाहायला हवा. तिथे वर्ग नव्हता. शिकवणारा मागाजवळ उभा राहून त्याच गिरणीचे दोष त्याच गिरणीच्या वहीत लिहवून घेत होता. आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सोडून दिलेल्या दिसल्या. बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक बदलला होता किंवा मालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता. उरलेल्या निम्म्या मात्र टिकून होत्या, आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांतही त्या पोचल्या होत्या. म्हणजे ज्ञान टिकले ते कामाला चिकटून. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या 1,500 छोट्या धंदेवाल्यांवर झालेला आणि 2017 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याला जोड देतो. त्यांतल्या काहींना हिशेब, विक्री, नियोजन असे नेहमीचे व्यवसाय-प्रशिक्षण दिले, काहींना पुढाकार घेण्याचे, संधी हेरण्याचे आणि अडचणीतून चिकाटीने वाट काढण्याचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाचा नफा 30 टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाचा वाढला तो योगायोग असू शकेल इतका थोडा. हे सगळे आधीच धंदा करणारे लोक होते, हे विसरू नये.

धंदा केव्हा सुरू करावा, याबद्दल सर्वांत मोठा आकडा अमेरिकेतून आला आहे. वसतिगृहात बसून कंपनी काढणाऱ्या विशीतल्या मुलांच्या गोष्टी आपण इतक्या ऐकल्या आहेत की तोच नियम वाटू लागतो. पिएर आझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदी तपासल्या. हजारात एक अशा वेगाने वाढलेल्या कंपन्या ज्यांनी काढल्या, त्यांचे काढतेवेळचे सरासरी वय 45 होते. त्याच क्षेत्रात आधी तीन किंवा अधिक वर्षे काम केलेल्यांची मोठे यश मिळण्याची शक्यता, तसा अनुभव नसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. वयाचा हा आकडा वाचून पंचविशीतल्या कुणी निराश होऊ नये. त्यात वयापेक्षा मोलाची गोष्ट ‘त्याच क्षेत्रातला अनुभव’ ही आहे, आणि ती अठ्ठाविसाव्या वर्षीही गाठीशी असू शकते. दुसरा एक अभ्यास खुद्द हार्वर्डच्या वर्गांतला आहे. तिथे विद्यार्थ्यांना तुकड्यांत वाटतात आणि कुणाला कोणती तुकडी मिळेल हे त्यांच्या हाती नसते. जॉश लर्नर आणि उल्रिके मालमेंडिअर यांना असे दिसले की ज्या तुकडीत आधी धंदा करून आलेले जास्त होते, त्या तुकडीतून पदवीनंतर धंद्यात पडणारे कमी निघाले. पण कमी झाले ते प्रामुख्याने फसणारे धंदे. हात पोळलेल्या सहाध्यायाने ‘यात पैसा कुठे आहे?’ असे विचारले आणि कच्च्या कल्पना तिथल्या तिथे गळल्या. म्हणजे तिथेही मोलाची भर घातली ती आधी धंदा करून आलेल्यांनी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आयआयएममधून बाहेर पडून मोठे उद्योग उभारणाऱ्यांची यादी. नोकरी डॉट कॉमचे संजीव बिखचंदानी, मेकमायट्रिपचे दीप कालरा, नायकाच्या फाल्गुनी नायर, पुण्याच्या फर्स्टक्रायचे सुपम माहेश्वरी हे सगळे अहमदाबादचे आहेत. यादी खरी आहे, पण तिच्यातल्या तारखा पाहा. फाल्गुनी नायर 1985 साली बाहेर पडल्या आणि नायका 2012 साली सुरू झाली; मधली सत्तावीस वर्षे, त्यांतली बरीचशी भांडवल बाजारात. कालरा यांच्या बाबतीत पदवी 1992 ची आणि कंपनी 2000 ची. बिखचंदानी 1989 साली उत्तीर्ण झाले, कंपनीत थोडाच काळ राहिले, पण नोकरी डॉट कॉम 1997 साली आली, आणि तिची कल्पना त्यांना ऑफिसातले सहकारी मासिकात सगळ्यात आधी नोकऱ्यांच्या जाहिराती वाचतात हे पाहून सुचली होती. माहेश्वरी यांनी लवकर सुरुवात केली, पण फर्स्टक्राय हा त्यांचा दुसरा धंदा आहे. दुसऱ्या बाजूची यादीही तितकीच खरी आणि तितकीच अपुरी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे धंद्याची पदवी नव्हती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवताना त्यांचा हात यंत्रांवर बसला, बेळगावात सायकलींच्या दुकानाने त्यांना गिऱ्हाईक दाखवले. तरीही लोखंडी नांगर तयार झाल्यावर पहिले काही नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी मानत. अशा याद्यांत फसलेल्यांची नावे कधीच नसतात, मग ते पदवीवाले असोत की बिनपदवीवाले. त्यामुळे यादीवरून निर्णय घेऊ नये. घ्यायचेच तर क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे उदाहरण घ्यावे. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी संगणकशास्त्र शिकायला लावले. संगणक घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना व्हायरसचा त्रास आहे हे दुकानाला कळले, त्यावरचा उपाय शिकलेल्या भावाने लिहिला, आणि 2016 साली ती कंपनी शेअर बाजारात आली. तिथे दुकान आणि शिक्षण एकाच घरात होते. दुकान आधी होते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मारवाडी किंवा गुजराती घरातल्या मुलाला पेढी असते. उधारी कुणाला द्यावी, कुणाला नाही, हे त्याला जेवताना कानावर पडते. पहिले भांडवल मामाकडून येते आणि पहिले गिऱ्हाईक काकाच्या ओळखीचे असते. लातूरच्या शिक्षकाच्या किंवा साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला यातले काहीच नसते. तिच्यासाठी मोठी बिझनेस स्कूल हीच पेढी आहे, ओळखी तिथेच मिळतात, आणि तिच्या सहीला बँकेत वजनही तिथूनच येते. तारापूरचा अभ्यासही याला पुष्टी देतो: तिथल्या कारखान्यांचा आकार ठरवणारी एक मोठी बाब म्हणजे मालकाच्या घरात पुरुष किती, कारण बाहेरच्या माणसावर विश्वास टाकायला कुणी तयार नव्हते. विश्वास घराण्यातच फिरतो अशा व्यवस्थेत ज्याचे घराणे धंद्यातले नाही त्याने काय करावे? इतकेच म्हणेन, की हा युक्तिवाद पहिल्या काही संस्थांपुरता खरा आहे, आणि तिथेही ओळखी मिळतात त्या मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांच्या, गुंतवणूकदारांच्या. ज्याला नवउद्यमाची कंपनी काढून भांडवल उभारायचे आहे त्याला त्या सोन्यासारख्या आहेत. ज्याला फळप्रक्रियेचा कारखाना किंवा सुट्या भागांचा गाळा काढायचा आहे, त्याला हवी असलेली पेढी वेगळी आहे: कच्चा माल देणारा, वाहतूकदार, परचेस अधिकारी, कर सल्लागार, आणि दुसऱ्या गाळ्याचा मालक. त्या पेढीत शिरायचा दरवाजा म्हणजे त्याच धंद्यातल्या चाळीस-पन्नास माणसांच्या कंपनीतली नोकरी. अशी नोकरी आपल्याकडे कमी प्रतीची मानतात. मोठ्या आयटी कंपनीतला मुलगा तिथे गेला तर घरचे काळजीत पडतात. पण मोठ्या कंपनीत तो एका खात्याचा एक कोपरा पाहतो. लहान कंपनीत दोन वर्षांत खरेदी, उत्पादन, वसुली आणि बँकेशी चाललेली बोलणी एकाच खोलीतून दिसतात.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. धंदा बुडाला तर पदवी सांभाळून घेईल, असे पालक म्हणतात, आणि धंद्यात सरासरी माणसाला फार मिळत नाही हे खरेच आहे. बार्टन हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून 2000 साली दाखवले की दहा वर्षे स्वतःचा धंदा केलेल्या मधल्या फळीतल्या माणसाचे उत्पन्न, तो नोकरीत राहिला असता तर मिळाले असते त्यापेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी कमी होते. पुढे गुस्तावो मान्सो यांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. धंदा करून पाहणारे बरेच जण थोड्याच वर्षांत नोकरीत परततात, आणि लवकर परतणाऱ्यांचे फारसे नुकसान होत नाही. धंदा हा करून पाहायचा प्रयोग धरला आणि वेळीच थांबण्याची शिस्त ठेवली, तर त्याची किंमत वाटते तितकी नसते. हे निष्कर्ष अमेरिकेतले आहेत. इथे घरच्यांचे टोमणे आणि सोयरिकीच्या बैठकीत होणारी विचारणा यांचाही खर्च असतो, तो कमी लेखता येणार नाही. काही आयआयएममध्ये पदवीनंतर धंदा करून पाहणाऱ्याला ठरावीक मुदतीत प्लेसमेंटला परत येण्याची मुभा आहे, ती चांगली सोय आहे. पण प्रयोग करायचा तर तो स्वस्तात करता यायला हवा. वीस-पंचवीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन प्रयोग करता येत नाही, आणि धंद्यासाठी वडिलांची जमीन गहाण टाकली तरीही तो करता येत नाही.

म्हणून मला पटणारा क्रम असा. ज्या धंद्यात पडायचे आहे त्या धंद्यातल्या लहान कंपनीत तीन-चार वर्षे काम करावे, आणि शक्यतो विक्री किंवा वसुलीचे काम मागून घ्यावे, कारण पैसा कसा येतो आणि कुठे अडकतो ते तिथेच दिसते. खर्च कमी ठेवून वर्षभर पगाराशिवाय राहता येईल एवढी शिल्लक उभी करावी. मग छोट्या प्रमाणावर सुरुवात करावी आणि किती पैसे गेले, किती महिने गेले की थांबायचे, ते आधीच लिहून ठेवावे. या वाटेवर कुठेतरी हिशेब, कर किंवा माणसे सांभाळणे यात आपण कमी पडतो हे टोचू लागते. तेव्हा वर्गात जावे. त्यासाठी दोन वर्षे सगळे सोडून जाण्याची गरज उरलेली नाही. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत कौटुंबिक उद्योगांसाठी असलेला अभ्यासक्रम याच विचाराने बेतलेला आहे: विद्यार्थी काही दिवस वर्गात येतात आणि उरलेला महिना आपापल्या धंद्यात घालवतात. इतर संस्थांतही शनिवार-रविवारचे अभ्यासक्रम आहेत. ज्यांना बँकेत, सल्लागार कंपनीत किंवा सरकारी उपक्रमाच्या व्यवस्थापनात जायचे आहे, किंवा इंजिनिअरिंग सोडून क्षेत्रच बदलायचे आहे, त्यांनी मात्र चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तो घ्यावा. ते शिक्षण त्यांच्यासाठीच आहे, आणि पुढे पन्नाशीच्या आसपास त्यांच्यातूनही कुणी फाल्गुनी नायर यांच्यासारखे बाहेर पडेल. अडचण आहे ती या दोन्हींच्या मधल्या मुलामुलींची, ज्यांना धंदा करायचा आहे आणि घरी तसे सांगायचे धैर्य होत नाही म्हणून जी एमबीएचा अर्ज भरतात. त्यांनी प्रवेशपत्र हाती येण्याआधी आपल्याला हव्या त्या धंद्यातल्या तीन गाळ्यांवर जाऊन एकच प्रश्न विचारावा: माल दिल्यापासून पैसे हातात यायला तुम्हाला किती दिवस लागतात, आणि तोवर पगार कशातून करता?